उन्हाळ्यात, धरणाच्या काठाने



मुंबईच्या आमच्या एका हितचिंतक ताई दर मे महिन्यात कोकणात जातात. तिथे सकाळी समुद्रकाठाने फिरताना दिसलेल्या पक्ष्यांची यादी त्या न चुकता आम्हाला पत्राने कळवतात. समुद्रगरुड, ब्राह्मणी घार, खडकावर टपून बसलेला बगळा, वाळूत तुरुतुरु पळणारे चिखले, असं बरंच काही त्यात असतं. मागच्या वर्षीच्या पत्राच्या शेवटी त्यांनी हळहळ व्यक्त केली होती : तुमच्या पातूरला समुद्र नाही, मुलांना हे सगळं कुठून दिसणार?

पत्र मी मुलांना वाचून दाखवलं. सातवीतला एक मुलगा लगेच म्हणाला, ''समुद्र नसला तं काय झालं सर, काठ तं हाये!''

त्याचं म्हणणं बरोबर होतं. काठ आहे, आणि उन्हाळ्यात तर तो रोज वाढत जातो. पातूर तालुक्यात मोर्णा आणि निर्गुणा हे दोन मध्यम प्रकल्प आहेत, शेजारच्या बार्शीटाकळी तालुक्यात महानचं काटेपूर्णा धरण आहे, आणि लहानसहान पाझर तलाव तर गावोगावी आहेत. पावसाळ्याच्या शेवटी ही धरणं काठोकाठ असतात. मग रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुटतात, पिण्याचं पाणी उचललं जातं, ऊन आपला वाटा घेतं, आणि होळीपर्यंत पाणी पार मागे सरकलेलं असतं. मधे उघडी पडते ती चिखलाची, वाळूची, गोट्यांची रुंद पट्टी. सरकारी भाषेत हीच गाळपेर जमीन. कुणी तिथे काकडी-टरबूज लावतं, कुणी ढोरांचा चारा पेरतं. बाकीची पट्टी ओसाड पडून असते, निदान रस्त्यावरून जाणाऱ्याला तरी तसंच वाटतं.

ती ओसाड नसते. मार्च ते जून ही जमीन बाळंतिणीची खोली असते. हे मला कसं कळलं ते आधी सांगतो, कारण त्यात माझी चूक आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. परीक्षा संपल्या होत्या आणि मुलं गावी जायची होती. त्याआधी एक सकाळ धरणावर घालवावी म्हणून पंधरा-सोळा मुलांना घेऊन पहाटे निघालो. कोणत्या धरणाचा कोणता काठ, हे मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे वाचताना आपोआप कळेल. मी पुढे, गळ्यात दुर्बीण, नजर लांब पाण्यावर. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते, ते मुलांना दाखवत होतो. एवढ्यात पायाखाली काहीतरी दबलं. पाहिलं तर टिटवीचं अंडं. एक फुटलं होतं. बाकीची तीन तशीच होती, आणि ती तीन मला त्या क्षणापर्यंत दिसलीच नव्हती. मातीच्या रंगाची, वर काळे-तपकिरी शिंतोडे. भोवतीच्या गोट्यांत आणि त्यांच्यात फरक कळेना.

मागून येणाऱ्या एका फासेपारधी मुलाने मला आधी दोनदा हाक मारली होती. मी ऐकलं नव्हतं. ''सर, थे कवाची सांगून रायली,'' तो म्हणाला. खरंच, टिटवी केव्हापासून डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मला वाटलं, टिटव्या ओरडतातच.

त्या दिवसापासून काठाने फिरायचं आम्ही नव्याने शिकलो. तेच आज लिहितो आहे.

पहिली गोष्ट, उन्हाळ्यात पाण्यावर पक्षी कमी दिसतात असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदकं, चक्रवाक, धोबी, तुतवार यांच्यातले बहुतेक मार्च-एप्रिलपर्यंत परतलेले असतात. गर्दी ओसरते. पण जे उरतात ते घरचे असतात आणि त्यांचा हाच संसाराचा काळ असतो. त्यांची वेशभूषासुद्धा बदलते. एरवी पांढराफटक असणारा गायबगळा डोक्यावर, मानेवर, पाठीवर केशरी होतो. चिखलात मातीसारखा बसून राहणारा वंचक, ज्याला आमच्याकडे ढोकरी म्हणतात, त्याची पाठ गडद लालसर होते. मुलांना पहिल्यांदा हा निराळाच पक्षी वाटला. तोच तो, लग्नाच्या कपड्यात.

झाडावर घरटं करणाऱ्यांची काळजी आपल्याला करावी लागत नाही. जमिनीवर करणाऱ्यांची करावी लागते. काठावर ते कोण कोण असतात?

सगळ्यांत ओळखीची टिटवी. डोळ्यापुढे लाल गाठ, पिवळे लांब पाय. जमिनीवर उथळ खळगा, त्यात कधी चार लेंड्या, चार खडे, की झालं घर. अंडी बहुधा चार, टोकं आत करून फुलीसारखी मांडलेली. नर-मादी दोघं पाळीपाळीने बसतात आणि जवळजवळ महिनाभर बसतात. तिची चुलत बहीण माळटिटवी, गाठ पिवळी, डोक्यावर काळी टोपी. ती पाण्यापासून दूर, कोरड्या माळावर राहते. म्हणून धरणाकडे जातानाची पडीक जमीनही जपून चालायची.

मग कंठेरी चिखल्या. चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, गळ्यात काळा कंठा, डोळ्याभोवती पिवळं कडं. चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. ताईंनी कोकणात पाहिलेल्या चिखल्यांच्याच कुळातला हा आमच्याकडचा रहिवासी. त्याचं अंडं बोराएवढं म्हटलं तरी चालेल, आणि ते उघड्या वाळूत असतं.

पाण्यात एखादं वाळूचं बेट उघडं पडलं असेल तर तिथे छोट्या आर्लीची वस्ती सापडू शकते. पाकोळीसारखी उडणारी, वाळूच्याच रंगाची. बसली की नाहीशी होते. तशाच बेटांवर नदी सुरयही अंडी घालतो. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. पाण्यावर भिरभिरत राहतो आणि मासा दिसला की सूर मारतो. हा देखणा पक्षी देशभर कमी होत चालला आहे आणि जागतिक यादीत तो धोक्यात आलेल्यांमध्ये धरला जातो. त्याचं कारण काठावर उभं राहिलं की समजतं. पाणी आणखी ओसरलं की बेटाला वाट फुटते आणि त्या वाटेने कुत्री, कोल्हे, ढोरं, माणसं सगळी पोचतात. पाणी अचानक वाढलं तर बेटच बुडतं. सुरयाला पाणी जेवढ्यास तेवढंच लागतं, आणि ते त्याच्या हातात नाही.

लांब गुलाबी पायांचा शेकाट्या कडेच्या उथळ पाण्यात, चिखलाच्या ढेकळांवर घर करतो. आणि गोट्यांच्या रानात मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा करवानक दिवसभर दगडासारखा बसून असतो. तो एकदा दिसला की मुलं तासभर हलत नाहीत.

आता कळीची गोष्ट. आपल्याला वाटतं, पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. वऱ्हाडातल्या मे महिन्यात ऊब कोणाला हवी आहे? अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो ती हवेची उष्णता, सावलीतली. उघड्या वाळूला हात लावून पाहा, चटका बसतो. अंड्यातला जीव साधारणपणे आपल्या अंगाच्या उष्णतेएवढ्या तापमानात वाढतो. त्याहून चार-पाच अंश जास्त झाले तर तो फार वेळ तग धरत नाही. म्हणजे दुपारी टिटवी अंड्यांवर बसते किंवा नुसतीच पाय ताठ करून वर उभी राहते, ती सावली धरायला. आईच छत्री होते. त्यातही भागलं नाही तर ती पाण्यात जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. तिची जोडीदाराशी पाळी बदलण्याची वेळ आणि पाण्याकडच्या खेपा मुलांनी एकदा दुरून वहीत टिपल्या. ऊन वाढलं तशा खेपा वाढत गेल्या.

याचा दुसरा अर्थ असा की आपण काठावर उभं राहून, फोटो काढत, कौतुकाने पाहत पक्ष्याला दहा-पंधरा मिनिटं घरट्यापासून उठवून ठेवलं, तर अंड्यावर पाय न देताही आपण त्याला मारू शकतो. पहाटे हा धोका कमी, नऊनंतर फार. म्हणून आमचा नियम साधा आहे. साडेपाचला काठावर, साडेआठला परत. त्यात माणसांचंही भलं आहे, ऊन लागत नाही.

टिटवी ओरडली की काही घरांत अजून अशुभ मानतात. आमच्या मुलांच्या घरीही मानत. खरं तर ती बोलते आहे आणि काय बोलते ते जरा लक्ष दिलं तर समजतं. आपण दूर असताना ती एक-एक, अंतर ठेवून ओरडते. जवळ गेलो की आवाज चढतो, घाई होते. डोक्यावर सूर मारू लागली की समजायचं, घर किंवा पिल्लं अगदी जवळ आहेत. आणि त्या आवाजावर पिल्लं जिथल्या तिथे चपापून पडतात. अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात पळू लागणारी ही पिल्लं, पण आईने धोका सांगितला की पुढ्यात असूनही दिसत नाहीत. म्हणून त्या वेळी घाईने पळून जाणं हे उभं राहण्यापेक्षा वाईट. थांबायचं, पायाखाली पाहायचं, आणि आलो त्याच पावलांवरून मागे फिरायचं. वाळूत आपली पावलं उमटलेली असतात, ती कामाला येतात.

चिखल्या वेगळं नाटक करतो. तो आपल्यासमोर पंख मोडल्यासारखा फरफटत चालतो, लंगडतो, पडतो. आपण त्याच्या मागे जातो. चांगलं शंभर पावलं लांब नेलं की पंख धड करून उडून जातो. पहिल्यांदा मी फसलो, आणि माझ्याबरोबरच्या मुलाला हसू आवरेना. ''थे खोटं बोलून रायलं सर. घर तिकडं नाही, अठीसा हाये,'' असं म्हणत तो उलट दिशेने बोट दाखवत होता. पण स्वतः एक पाऊलही तिकडे सरकला नाही. हे त्याला कोणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाला, आज्याने.

त्याच्या आज्याबद्दल लिहायलाच हवं. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. फासेपारधी हे नावच फाशावरून आलं आहे. तितर, लावे, ससे फाशाने धरणं ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यात पारध्यांच्याही माथी तो शिक्का बसला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र गावोगावच्या मनात उरला. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो जरूरीचाच होता, पण ज्यांची विद्याच शिकारीची, त्यांच्या हातात दुसरं काय द्यायचं याचा विचार त्याबरोबर झाला नाही. आमच्या वसतिगृहातल्या मुलांच्या घरी आजही ही अडचण संपलेली नाही.

आजोबा आता फासे लावत नाहीत. पण शिकाऱ्याला प्राण्याची जेवढी माहिती असते, तेवढी पुस्तक वाचून येत नाही हे मी त्यांच्याबरोबर एक सकाळ चालल्यावर मान्य केलं. भट तितर पाण्यावर केव्हा येतील ते त्यांनी सूर्याकडे पाहून सांगितलं. दिवस उगवून चांगला वर आल्यावर, थव्याने, दुरून आवाज देत, आणि उतरताना थेट पाण्याशी नाही तर थोडं अलीकडे. तसंच झालं. पाणी पिऊन उडायच्या आधी काही नर पोट पाण्यात टेकवून भिजवत होते. ''पोराईले पानी नेऊन रायला,'' आजोबा म्हणाले. हे खरं आहे. भट तितराच्या नराच्या पोटाची पिसं टीपकागदासारखी पाणी धरतात, आणि तो ते कोरड्या माळावरच्या पिल्लांपर्यंत उडत नेतो. पक्षिशास्त्रज्ञांनी ही गोष्ट बऱ्याच वादानंतर स्वीकारली. आजोबांनी ती लहानपणी पाहिली होती, कारण फासे कुठे लावायचे याचं उत्तर त्यातच होतं.

हीच विद्या राखणीच्या कामी येते, हे आपल्याच भागात दिसलं आहे. अकोला-वाशीम पट्ट्यातल्या गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. नर गवतातून उंच उडी मारतो, ती मादीला दिसावी म्हणून. हा पक्षी आता जगातून नाहीसा होण्याच्या अगदी काठावर आहे. 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन या भागात त्याच्या माळांची राखण करत आली आहे. तणमोर कोणत्या गवतात उतरतो हे ज्यांना धरण्यासाठी माहीत होतं, तेच आता त्याच्यासाठी गवत राखतात. कोकणातही याच तऱ्हेची गोष्ट घडली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात समुद्रकासवांची अंडी पूर्वी उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२च्या सुमारास तिथे काम सुरू केलं, आणि ज्यांना वाळूतल्या खुणेवरून घरटं ओळखता येत होतं ते गावकरीच पुढे राखणदार झाले. मुंबईच्या ताईंना हे ठाऊक असेलच.

कै. मारुती चितमपल्ली यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. वनखात्यातल्या नोकरीची वर्षं त्यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करण्यात घालवली आणि त्यातून 'पक्षिकोश' उभा राहिला. आम्ही मुलांना सांगतो, तुमच्या घरच्या बोलीत या पक्ष्याला काय म्हणतात ते आधी लिहा, पुस्तकातलं नाव नंतर. पारधी बोलीतली, आंधांच्या बोलण्यातली, बंजारा तांड्यावरची नावं शेजारी शेजारी लिहिलेली वही आता जाडजूड झाली आहे. काही नावं लिहिताना मुलं लाजतात, कारण घरी ती शिव्यांच्या जवळपासची आहेत. तीही लिहायची.

काठाच्या कड्यांकडेही पाहा. जिथे पाण्याने माती कापून उभी भिंत केली आहे, तिथे भोकं दिसतील. उंदराची नव्हेत. वेडा राघू चोचीने माती कोरून हात-दोन हात लांब बोगदा करतो आणि आत अंडी घालतो. खंड्याचंही घर असंच. कवड्या खंड्या, तो काळा-पांढरा, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारा, त्याचंही. भोकाच्या तोंडाशी पांढरे शिंतोडे आणि खाली माशांचे बारीक काटे पडलेले असले की घर चालू आहे असं समजावं. काठी घालून पाहू नये, आत कधी सापही असतो.

आणि पहाटेचा ओला चिखल म्हणजे वर्तमानपत्रच. उन्हाळ्यात रानातले सगळे पाणवठे आटले की पातूर-मेडशीच्या डोंगरातले प्राणी रात्री धरणाच्या फुगवट्याकडे उतरतात. आम्ही पोचेपर्यंत ते परतलेले असतात, पण पावलं मागे ठेवून जातात. रोहीचे दोन खूर लांबट. रानडुकराचे बसके, आणि मऊ चिखलात मागच्या बाजूला दोन उपनखांचे ठिपके. कोल्ह्याचं पाऊल कुत्र्यापेक्षा अरुंद आणि त्याची चाल एका रेषेत. कुत्रं इकडेतिकडे भरकटतं. तडसाचं पुढचं पाऊल मागच्यापेक्षा ठळक मोठं. बिबट्याच्या पावलात नखं उमटत नाहीत, कारण मांजराच्या कुळाप्रमाणे तो ती आत ओढून चालतो. हे सगळं मुलांनी मला दाखवलं, मी त्यांना नाही. एकदा मोठं गोल पाऊल पाहून एक मुलगी ''वाघ!'' म्हणून ओरडली आणि सगळे थरारले. बैलाच्या खुरात पाणी साचून ते पसरलं होतं. पण तिचं अगदीच चुकलं असं मी म्हटलं नाही. २०१९ साली टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यासह शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. तेराशेच्या आसपास किलोमीटर चालून. विदर्भातले काठ आणि नाले हे त्यांचे रस्ते आहेत.

काठावर धोका कशाकशाचा आहे हेही सांगायला हवं, कारण आम्हाला दर वर्षी काही घरटी गमावलेली दिसतात. ढोरांच्या खुराखाली थोडी जातात, पण टिटवी ढोरांच्या अंगावर धावून त्यांना वळवते, तिचं ते जमतं. मोकाट कुत्र्यांपुढे जमत नाही. फिरायला येणाऱ्यांनी घरचं कुत्रं काठावर मोकळं सोडू नये, एवढी विनंती. मोटारसायकली वाळूवर गोल फिरवून रील काढणारी पोरं वाढली आहेत, त्यांना काही सांगायला गेलं तर हसतात. एकदा एका पारधी मुलाने त्यांच्यातल्या एकाला हाताला धरून अंडी दाखवली. तो गप्प झाला, आणि गाडी ढकलत रस्त्यापर्यंत घेऊन गेला.

गाळाचा प्रश्न नाजूक आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे. धरणातला गाळ उपसून शेतकऱ्याने आपल्या वावरात टाकायचा. योजना चांगली आहे, आमच्या मुलांच्या बापांच्या वावरातही तो गाळ पडला आहे आणि पीक सुधारलं आहे. पण गाळ निघतो तो पाणी ओसरल्यावर, म्हणजे नेमका एप्रिल-मेमध्ये. जेसीबी आणि ट्रॅक्टर जिथे उतरतात तिथेच चिखल्याची वाळू असते. योजना थांबवा असं कोणीच म्हणणार नाही. उपसा सुरू करण्याआधी एक सकाळ काठ पायी फिरून पाहिला, घरटी असलेल्या जागेभोवती चार गोटे रचून खूण केली आणि ट्रॅक्टरची वाट दहा हात बाजूने नेली, तरी खूप होतं. गेल्या वर्षी एका चालकदादांनी आमच्या मुलांच्या सांगण्यावरून तसं केलं. त्यांनी आमच्याशी वाद घातला तो एवढाच की खुणेचे गोटे पांढरे करा, धुळीत दिसत नाहीत. आम्ही चुना नेला. नंतर आजोबांनी सांगितलं, चुना नको, कावळा शहाणा असतो, पांढरं दिसलं की तिथे येतो. तेव्हापासून खूण घरट्यापासून दहा पावलं दूर करतो, आणि ती फक्त चालकाला माहीत असते.

कायद्याने रानपक्ष्याची अंडी घेणं, फोडणं, घरट्याला त्रास देणं हेही शिकारीतच मोडतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. आम्ही ते मुलांना सांगतो, पण त्याचा धाक घालत नाही. पोलिसाचा धाक या मुलांच्या घरांनी आधीच पुरेसा पाहिला आहे.

ज्यांना आमच्यासारखं फिरायचं असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. दुर्बीण नसली तरी चालेल, असलीच तर आठ पटीची पुरे. जास्त पटीची हातात थरथरते. पाण्याच्या बाटल्या आणि डोक्याला दुपट्टा. कपडे मातकट. काठाच्या अगदी कडेने, ओल्या चिखलावरून चालावं, कारण बहुतेक घरटी कोरड्या भागात असतात. एकामागे एक चालावं आणि पुढच्या माणसाने लांब न पाहता खाली पाहावं. लांबचं मागच्यांनी पाहावं. आमच्याकडे पुढे चालण्याचा मान आता पारधी मुलांचा असतो, मी सगळ्यांच्या मागे. आणि घरट्याचा फोटो काढून तो जागेसह कुठे पाठवू नये. याच कारणाने मीही जागा लिहिली नाही.

टिटवीबद्दल एक गोष्ट राहिली. पंचतंत्रात टिटव्यांच्या जोडप्याची कथा आहे. समुद्राने त्यांची अंडी ओढून नेली आणि त्यांनी गरुडापर्यंत, विष्णूपर्यंत दाद मागून ती परत मिळवली. आमच्या शेतकऱ्यांचा हिशेब वेगळा. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खोलगटात घातली तर कमी. चार अंडी असली तर चार महिने पाऊस. मुलांनी दोन वर्षं अंड्यांच्या जागा आणि गावचा पाऊस वहीत लिहिला. दोन वर्षांत काही सिद्ध होत नाही, पण वही चालू ठेवायची असं ठरलं आहे. एक मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिलं. जी घरटी पाण्याच्या ओळीपासून लांब, जुन्या बांधाच्या उंचवट्यावर होती, त्यांतली पिल्लं जूनच्या पहिल्या मोठ्या सरीआधी पळू लागली होती. खालची दोन बुडाली.

यंदा गाळपेरावरच्या टरबुजाच्या वेलांमध्ये एक घर सापडलं. वावराच्या मालकीणबाईंनी त्या चार वेलांना पाणी घालायचं सोडून दिलं आहे. पावश्या ओरडायला लागला आहे. आजोबा म्हणतात, आभाळ भरायच्या आत पिल्लं निघतील.